बाहेरून अलॉय घेताना गाडीचे माप कसे जुळवावे

पुण्यात नाना पेठेत अलॉयच्या, म्हणजे मिश्रधातूच्या चाकांच्या, दुकानासमोर गाडी उभी केली की एक मुलगा जॅक लावून चाक उतरवतो, नवे चकचकीत अलॉय हबवर, म्हणजे चाक ज्याला टेकते त्या मधल्या गोल भागावर, चढवतो, हाताने गरकन फिरवतो आणि मालक आतूनच म्हणतो, ‘बघा साहेब, आरामात बसलं.’ टायर न चढवलेले, हवेत लटकलेले चाक फिरले यावरून काहीही सिद्ध होत नाही. ते जुळते की नाही हे गाडीत पाच माणसे बसल्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आणि खड्ड्यात चाक वर दाबले गेल्यावर कळते, आणि तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात. म्हणून मापे घरच्या पार्किंगमध्येच घ्यावीत आणि दुकानात आकडे घेऊन जावे.

भोकांचे वर्तुळ

हबवरचे स्टड, म्हणजे ज्यांवर नट आवळतात ते आटेदार दांडे, ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. होंडा सिटी आणि मारुती स्विफ्टचा तो ४ × १०० आहे, म्हणजे चार स्टड आणि १०० मिमी, ह्युंदाई क्रेटाचा ५ × ११४.३. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांतले अंतर म्हणजेच पीसीडी. पाच असतील तर शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतले अंतर मोजून १.७ ने गुणावे. ११२ आणि ११४.३ यांच्यात हे शेजारचे अंतर दीड मिलिमीटरनेही बदलत नाही, त्यामुळे डोळ्यांनी ठरवू नये, बारीक मापे घेणारा व्हर्नियर वापरावा. ‘थोडा फरक आहे, नट ओढून घेईल’ असे कोणी म्हणाले तर तिथून निघावे, कारण तिरका बसलेला नट कधीतरी सैल होतो किंवा स्टड तोडतो.

टायरचा एकूण व्यास

हे निव्वळ गणित आहे. १८५/६५ आर १५ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिमी, बाजूच्या भिंतीची (साइडवॉलची) उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम, म्हणजे टायर ज्यावर चढतो ते धातूचे चाक, १५ इंची. रिमचा व्यास आणि दोन साइडवॉल मिळून एकूण व्यास होतो. या टायरचा एकूण व्यास सुमारे ६२१ मिमी आणि १९५/५५ आर १६ चाही तेवढाच, त्यामुळे हा बदल निर्धोक आहे. त्याऐवजी १९५/६० आर १६ घातला तर व्यास ६४० मिमी होतो, म्हणजे तीन टक्के जास्त, आणि स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी ८२ च्या पुढे असते. दोन टक्क्यांच्या आत राहावे. रिम एका इंचापेक्षा जास्त मोठी करू नये, हे माझे ठाम मत आहे. १८५/६५ ची साइडवॉल १२० मिमी उंच असते, १९५/५५ ची १०७ आणि २०५/४५ आर १७ ची जेमतेम ९२. कात्रज-कोंढवा रस्त्यावरून पावसाळ्यात जाताना पाण्याखालच्या खड्ड्याचा घाव रिमवर येऊ द्यायचा नसेल, तर त्या मिलिमीटरांची किंमत आधीच ओळखावी.

ऑफसेट

खरी अडचण इथे आहे, आणि मलाही हाच भाग समजायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण बहुतेक दुकानांत ऑफसेटचा उच्चारच होत नाही. चाक हबला जिथे टेकते तो पृष्ठभाग रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. आकडा जितका मोठा तितके चाक गाडीच्या आत जाते आणि आकडा कमी झाला की ते बाहेर येते. पीसीडी बराच चुकला तर चाक चढतच नाही आणि चूक तिथेच कळते. ऑफसेट चुकलेले चाक मात्र व्यवस्थित चढते, नट घट्ट होतात, फोटोही चांगला येतो, आणि नुकसान नंतर हळूहळू होत राहते.

कंपनीचे चाक उतरवून मागची बाजू रॉकेलच्या चिंधीने पुसावी. ब्रेकची काळी पूड निघाली की कोरलेली अक्षरे दिसू लागतात, समजा ‘१५ × ५½ जे’ आणि ‘ईटी ४५’. पहिला आकडा इंचांतला व्यास, दुसरा इंचांतली रुंदी आणि तिसरा मिलिमीटरमधला ऑफसेट. चाक परत लावून गाडी सपाट जागी उभी करावी आणि मडगार्डच्या कडेवरून चाकाच्या मध्यासमोर ओळंबा सोडावा. दोरी आणि टायरचा सर्वांत फुगीर भाग यांच्यातले अंतर म्हणजे बाहेर उपलब्ध असलेली जागा. मग आत हात घालून टायर आणि शॉकअपची नळी यांच्यातली सर्वांत अरुंद फट शोधावी, तिच्यात पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक सरकवत जावे आणि ते घट्ट बसले की बाहेर काढून त्यांची जाडी व्हर्नियरने मोजावी. स्प्रिंगची खालची वाटी टायरच्या जवळ असेल तर तिथेही असेच मोजावे. पुढची आणि मागची दोन्ही चाके मोजावीत, कारण मागे शॉकअपजवळ भरपूर जागा असली तरी मडगार्डची आत दुमडलेली कड बरेचदा खूप जवळ असते.

आता हिशेब असा. १८५ चा टायर ईटी ४५ च्या रिमवर आहे आणि तुम्हाला १९५ चा टायर ईटी ३५ च्या रिमवर हवा आहे. टायरची रुंदी १० मिमीने वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला ५. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणजे सगळे चाक १० मिमी बाहेर सरकले. बाहेरची कड एकूण १५ मिमी बाहेर आली आणि आतली कड शॉकअपपासून ५ मिमी दूर गेली. हाच टायर ईटी ५० च्या रिमवर घेतला तर बाहेर काहीच फरक पडत नाही, पण आतली कड शॉकअपकडे १० मिमी सरकते. ओळंब्याने बाहेर २० मिमी दाखवले असतील तर पहिल्या पर्यायात फक्त ५ उरतात, आणि मागच्या सीटवर तीन माणसे बसली की ते पुरत नाहीत. मी मागे बाहेरच्या बाजूला किमान १० आणि पुढे आतल्या बाजूला किमान ६ मिमी मोकळे ठेवतो. मडगार्डची कड ठोकून दुमडून देतो असे सांगणाऱ्याला साफ नकार द्यावा, कारण दुमडताना रंगाला तडे जातात आणि आपल्या पावसात त्या तड्यांतूनच गंज धरतो.

टायर कुठेही घासत नसला तरी ऑफसेट फार कमी करू नये. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो तो बिंदू आणि टायर जिथे टेकतो त्याचा मध्य यांच्यातले अंतर कंपनीने विचार करून ठरवलेले असते. चाक बाहेर आणले की ते बदलते, मग खड्ड्यांतून जाताना आणि ब्रेक दाबताना स्टिअरिंग हाताला झटके देऊ लागते आणि बेअरिंगवर जास्त ताण येतो. काही हजार किलोमीटरनंतर ६० च्या पुढे घूं घूं आवाज सुरू झाला, तर पहिला संशय त्या बेअरिंगवरच घ्यावा. कंपनीच्या आकड्यापेक्षा ५ ते ७ मिमीच्या पलीकडे मी जात नाही. वरच्या उदाहरणात मी ईटी ३५ सोडून ईटी ४० शोधेन, आणि तो त्या डिझाइनमध्ये मिळत नसेल तर डिझाइन बदलेन.

आकडा जुळवण्यासाठी स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती, घालू नये. स्पेसरच्या जाडीइतके स्टडचे आटे कमी पडतात. १२ मिमीच्या स्टडवर नटाने निदान १२ मिमी आटे पकडलेच पाहिजेत, म्हणजे आट्यांतले अंतर १.५ मिमी असेल तर आठ पूर्ण फेरे आणि १.२५ मिमी असेल तर दहाच्या आसपास. हे फेरे स्पेसर नसतानाही, दुकानातच मोजावेत.

मधले भोक आणि नट

स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिमी आहे, पण बाजारातली अनेक अलॉय सर्व गाड्यांना चालावीत म्हणून मधले भोक ७३.१ चे ठेवतात. मधली फट भरणारी रिंग नेमक्या मापाची घ्यावी. रिंग नसेल तर चाक केवळ नटांच्या भरवशावर मध्यात येते, किंचितही सरकले तर एक्स्प्रेस-वेवर ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरते, आणि अशा गाडीचे बॅलन्सिंग कितीही वेळा केले तरी थरथर जात नाही. नटाची बैठक, म्हणजे नट चाकाच्या भोकात जिथे टेकतो तो आकार, हीही पाहावी. होंडाचे मूळ नट गोलसर बैठकीचे असतात, तर बाहेरच्या अलॉयना बहुधा ६० अंशांची शंकूसारखी बैठक लागते. मूळ नट तसेच वापरले तर ते फक्त एका बारीक कडेवर टेकतात.

भार आणि शिक्के

अलॉयवर कोरलेला कमाल भार पाहावा. तो टायरवर लिहिलेल्या भार-निर्देशांकाच्या भारापेक्षा कमी नसावा. निर्देशांक ८८ म्हणजे ५६० किलो. आयएसआयचा शिक्का बघूनच घ्यावे. नुसत्या जेडब्ल्यूएल (अलॉय चाकांचे जपानी मानक) या अक्षरांवर विसंबू नये, कारण ती निर्माता स्वतःच कोरू शकतो. वाकलेले सरळ करून, रंगवून नव्यासारखे केलेले जुने अलॉय कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

बसवल्यावर

एक चाक टायरसह पुढे आणि एक मागे बसवून मगच चारही चाकांचे पैसे द्यावेत, हे बोलणे आधीच करून ठेवावे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मडगार्डच्या आतले प्लास्टिकचे लायनर आणि ब्रेकचे कॅलिपर तपासावे. त्यानंतर पाच माणसे घेऊन सिंहगडाचा घाट चढून यावे, कारण तिथल्या वळणांवर भरलेली गाडी जशी झुकते तशी शहरात झुकत नाही. खाली आल्यावर लायनरवर किंवा मडगार्डच्या आतल्या कडेवर घासल्याची चमकदार रेघ दिसली तर चाके त्याच दिवशी परत करावीत. नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळावेत. बहुतेक लहान गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात आणि नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत. अलॉयची किंमत विम्याच्या पॉलिसीत नोंदवून घ्यावी. स्टेपनी बहुधा कंपनीच्या लोखंडी डिस्कचीच राहते आणि तिला नव्या नटांची बैठक जुळेलच असे नाही, म्हणून मूळ नटांचा एक संच पान्यासोबत डिकीत कायम ठेवावा.