यादीतल्या तुमच्या नावापुढे खूण कोण करतं? मतदारांनो, या चुका टाळा

मतदानाच्या दिवशी दुपारी तीनला फोन येतो, "काकू, अजून बाहेर पडला नाहीत?" आणि पोटात गोळा येतो. यांना कसं कळलं?

मी दोन निवडणुकांत बूथबाहेरच्या टेबलावर बसलो आहे, म्हणून सांगतो. आत मतदाराचं नाव पुकारलं की पक्षाचा पोलिंग एजंट आपल्या यादीत रेघ मारतो. ते अनुक्रमांक चिठ्ठीवरून बाहेर येतात आणि उरलेल्यांना फोन लागतात. तुम्ही मत दिलं का, एवढंच पक्षाला कळतं. कोणाला दिलं, ते कळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण "आम्हाला सगळं समजतं" असं दरडावणारे तिच्यावरच जगतात. निकालानंतर फॉर्म 20 मध्ये केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात खरे, पण त्यावरून वस्तीचा कल दिसतो, तुमचं मत नाही.

"माझा नंबर निवडणूक कार्यालयानेच दिला" हाही गैरसमज. मान्यताप्राप्त पक्षांना मतदारयादी मोफत मिळते. तिच्यात नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. मोबाइल नाही, जात नाही. मोबाइल येतो हळदीकुंकवाच्या वहीतून, आरोग्य शिबिराच्या नोंदणीतून, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून. जात तर आडनावावरून ठोकून देतात, आणि एकाच आडनावाची माणसं कितीतरी जातींत असतात! वहीत नाव लिहा, नंबराचा रकाना मोकळा सोडा. कोणी रागावत नाही.

योजनेचा फॉर्म म्हणून ओळखपत्राचा फोटो किंवा ओटीपी देऊ नका. निवडून आल्यावर लाभ देऊ म्हणत सर्वेक्षणाच्या नावाखाली मतदारांची नोंदणी करणं थांबवा, असं निवडणूक आयोगाने 2 मे 2024 रोजी सगळ्या पक्षांना बजावलं होतं. असा फॉर्म दारात आला तर परत पाठवा.

आणि पक्षाची चिठ्ठी आली म्हणजे काम झालं असं समजू नका. ती ओळखीचा पुरावा नाही. यादीतलं नाव 1950 वर फोन करून किंवा मतदार सेवा पोर्टलवर स्वतः तपासा. नाव नसेल तर फॉर्म 6, दुरुस्तीला फॉर्म 8. तुमचं नाव काढण्यासाठी कोणी फॉर्म 7 भरला आणि नोटीस आली, तर ती बाजूला टाकू नका, उत्तर द्या. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं नाव चढत नाही.