पहिला फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवण्याआधी

फ्लॅश विकत घेण्याआधी कॅमेऱ्याचा हॉट शू, म्हणजे वरची फ्लॅश बसवायची खाच, नीट बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत त्याच्या मधोमध एक मोठा गोल बिंदू असतो. फ्लॅश उडवायचा इशारा तिथूनच जातो. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या नवशिक्यांच्या हातात सर्रास दिसणाऱ्या कॅमेऱ्यांत हा बिंदूच नाही. ट्रिगर म्हणजे शूवर बसून लांबच्या फ्लॅशला उडायचा इशारा देणारी डबी. एका पिनेचा, सगळ्यांना चालतो म्हणून विकला जाणारा स्वस्त ट्रिगर त्यांवर बसतो, पण फ्लॅश उडत नाही. त्यांना कॅननसाठीचाच आणि आपलं मॉडेल यादीत असलेला ट्रिगर लागतो. सोनीच्या शूची रचनाही वेगळी आहे. तेव्हा कॅमेरा सोबत न्या, दुकानातच दोन-चार वेळा उडवून बघा आणि मगच पैसे द्या.

फ्लॅश मॅन्युअल, म्हणजे ताकद आपण हातानं लावायचा, घ्या. आपोआप उजेड ठरवणारा टीटीएल फ्लॅश धावपळीच्या लग्नात उपयोगी पडतो, पण समोरचा माणूस एका जागी बसला असेल तर एकदा लावलेली ताकद पुढच्या प्रत्येक फोटोला तशीच राहिलेली बरी. शिकायलाही तेच सोपं. गोडॉक्स टीटी६०० मी डोळे झाकून सुचवेन: पूर्ण ताकदीपासून १/१२८पर्यंत खाली येतो, ट्रिगरचा इशारा पकडणारा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आतच असतो आणि ४ पेन्सिल सेलवर चालतो. सोनीवाल्यांनी टीटी६००एस बघावा. ट्रिगरचे पैसे आत्ताच जमत नसतील तर कॅमेऱ्याच्या पॉप-अप फ्लॅशचा झोत बघून उडणारा स्लेव्ह मोडही आहे. खोलीत तो छान चालतो. भर उन्हात दगा देतो आणि कार्यक्रमात दुसऱ्या कोणाच्याही फ्लॅशवर उडतो.

सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी, आत्ता नको. फ्लॅशचा उजेड कापडातून आरपार सोडणारी साधारण ४० इंची पांढरी छत्री, ती आणि फ्लॅश एकत्र धरणारा ब्रॅकेट, एवढ्यात काम होतं. छत्री मिटली की सॅकला बांधून पुण्यात पीएमपीच्या बसमधूनही नेता येते.

स्टँडवर मात्र काटकसर करू नका. माझा पहिला स्टँड काडीसारखा होता. वेताळ टेकडीवर संध्याकाळी वारा सुटला, छत्रीचं शीड झालं आणि सगळं कातळावर आडवं पडलं. फ्लॅशचा पाय मुळापासून तुटला. तेव्हापासून स्टँडचे पाय पूर्ण फाकवतो, एक पाय छत्रीच्या दिशेला ठेवतो आणि मधल्या दांड्याला वजन टांगतो. वजन विकत घ्यायची गरज नाही. जाड कापडी पिशवीत वाळू शिवून घ्या, नाहीतर पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या टांगा. उघड्यावर एक मित्र स्टँडपाशी उभा करा. त्याचं नाव सामानाच्या यादीत सगळ्यात वर लिहा.

सेल रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे, आठ. चार-चारचे दोन संच करून त्यांवर मार्करनं अ आणि ब लिहा, म्हणजे भरलेले आणि रिकामे मिसळत नाहीत. चिमटे, सुतळी बोहरी आळीत मिळतील. सावलीच्या बाजूला उजेड परतवायला पांढरा कार्डशीट अप्पा बळवंत चौकातून आणा. तो मोठ्या सनबोर्डच्या तुकड्यावर चिकटवला की वाऱ्यात दुमडत नाही.

आकड्यांपैकी दोन पाठ करा. पहिला आपल्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग, बहुतेकांचा १/२०० किंवा १/२५० सेकंद. साध्या फ्लॅशला शटर त्याहून वेगवान ठेवलं की फोटोत काळा पट्टा येतो. दुसरा अंतराचा: उघडा फ्लॅश एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. आणि शटर बदललं की फक्त आजूबाजूचा उजेड कमी-जास्त होतो, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) बदललं की तो आणि फ्लॅशचा, दोन्ही. गच्चीवर सूर्यास्तानंतरचं निळं आकाश आणि चेहरा एका फोटोत हवा असेल, तर ही एवढीच किल्ली लागते.

माणूस बोलावण्याआधी एक रात्र घरी घालवा. देवघरातला पितळी तांब्या घासून टेबलावर ठेवा, दिवे बंद करा आणि छत्रीतून फ्लॅश उडवून फोटो काढा. तांब्यात छत्रीचं प्रतिबिंब दिसेल. छत्री दोन मीटरवर असताना ते बटणाएवढं असतं, अर्ध्या मीटरवर आणली की पसरतं. शेजारी मातीची कुंडी ठेवली असेल तर तिच्या सावलीची कड त्याच वेळी मऊ होत जाते. चेहऱ्यावरही हेच घडतं, म्हणून छत्री चौकटीच्या अगदी कडेपर्यंत जवळ आणा आणि फ्लॅशची ताकद तेवढी उतरवा.