फुकटात मिळालेल्या वस्तूचा रिव्ह्यू कसा वाचायचा

२०२१च्या मे महिन्यापासून पुढच्या वर्षीच्या आखाडापर्यंत, म्हणजे सव्वा वर्षाच्या आसपास, मी ऑनलाइन वस्तू मागवून, त्यांचे पैसे विक्रेत्याकडून परत घेऊन रिव्ह्यूत पाच स्टार दिले. तीस-पस्तीस वस्तूंना तरी दिले असतील. सांगलीत विश्रामबागला आमचं घर. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आहेत. त्या वर्षी त्यांचा पगार निम्म्यावर आला होता, आणि एका मैत्रिणीने मला अशा एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे काय चालतं ते मी आतून पाहिलंय. म्हणून रिव्ह्यू वाचताना कुठे थांबायचं हे मला सांगता येईल, आणि सांगायला हवं असं मनापासून वाटतं.

आधी ते काम कसं चालायचं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. विक्रेत्यांसाठी असे रिव्ह्यू जमवणारा एजंट ग्रुपवर वस्तूचा फोटो टाकायचा. लिंक द्यायचा नाही. 'अमुक शब्द टाकून शोधा, तिसऱ्या-चौथ्या पानावर हा फोटो दिसेल, तोच उघडा' असं सांगायचा, म्हणजे लोक शोधून घेतायत असं साइटला वाटावं. वस्तू आपण आपल्या पैशाने मागवायची, ऑर्डरचा स्क्रीनशॉट त्याच्या फॉर्मात भरायचा. वस्तू घरी आली की आठ-दहा दिवस गप्प बसायचं. मग पाच स्टार, चार ओळी आणि उजेडात काढलेले दोन फोटो. रिव्ह्यू साइटवर दिसायला लागला की त्याची लिंक पाठवायची. त्यानंतर महिन्याभरात यूपीआयवर पैसे परत, कधी पूर्ण, कधी शंभर-दोनशे कापून. 'फुकट' किंवा 'रिफंड' हा शब्द रिव्ह्यूत चुकूनही यायला नको, ही पहिली अट.

आता बघा, मी वस्तू खरोखर विकत घेतलेली असायची. त्यामुळे माझ्या नावाखाली 'व्हेरिफाइड पर्चेस' असा शिक्का आपोआप यायचा. तो शिक्का पाहून निर्धास्त होऊ नका. पैसे भरले एवढंच त्यातून कळतं. ते पैसे नंतर परत आले का, हे कळत नाही.

आणि आम्ही खोटं लिहितोय असं आम्हाला कुणालाच वाटायचं नाही. वस्तू बरी असायची. पण 'बरी' वस्तूला तीन स्टार असतात, आणि तीन स्टारला पैसे परत नव्हते. खाल्ल्या मिठाला जागायचं, हे आपल्या अंगात इतकं भिनलेलं आहे की समोरचा कोण, कुठला, हेही माहीत नसताना आपण जागतो. फुकट वस्तू घेणारा प्रत्येक माणूस लबाड नसतो. तो फक्त वाईट ते लिहीत नाही. म्हणून वाचताना काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते शोधावं लागतं.

माझे डोळे उघडले ते मिक्सरमुळे. २,१९९ रुपयांचा मिक्सर, नाव कधी न ऐकलेलं. मी त्यात एकदा वाटीभर शेंगदाण्याचं कूट केलं आणि रिव्ह्यू टाकला. तासगावच्या माझ्या आत्याने तो वाचला. फोटोतल्या माझ्या ओट्यामागच्या टाइल्स तिने ओळखल्या, मला फोनही न करता मिक्सर मागवला. आखाडातल्या शेवटच्या रविवारी घरात पंधरा माणसं, मटणाचं वाटण अर्धं भांड्यात, आणि मिक्सरमधून धूर निघाला. उरलेलं वाटण तिने पाट्यावर वाटलं. तिचा फोन आला तेव्हा आवाजात राग नव्हता. "तू लिवलं हुतंस म्हणून घेतला की गं," एवढंच म्हणाली.

बॉक्सवरचा कंपनीचा नंबर लागत नव्हता. मी तो मिक्सर गणपती पेठेत एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी खालचे चार स्क्रू काढले, मोटर बाहेर घेतली. मोटरमध्ये गुंडाळलेली (फील्डची) तार तांबूस दिसत होती, बॉक्सवरही 'शंभर टक्के कॉपर' छापलेलं होतं. काकांनी ब्लेडच्या टोकाने ती तार जराशी खरवडली. वरचा तांबूस रंग सुटला आणि आत पांढरी, चकचकीत तार. "ताई, हे तांबं न्हाई, ॲल्युमिनियम हाय. रंग वार्निशचा. कूट-बीट होईल यात, वल्लं वाटण धरलं की तापणारच." आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग बघतात. मी न मोडताच भाव सांगून बसले होते.

माझा तो रिव्ह्यू जसाच्या तसा देते: "वाटण एकदम मऊ होतं. आवाज कमी. दिसायला सुंदर. या किमतीत पैसा वसूल. सगळ्यांनी नक्की घ्या!" तो एकेक ओळीने वाचा, मग दुसऱ्या कुठल्याही वस्तूचा रिव्ह्यू तसाच वाचता येईल.

वाटण कसलं? ओलं की सुकं, किती, किती मिनिटं? त्यातलं काहीच नाही, कारण मी वाटण केलंच नव्हतं. ज्याने खरंच वापरलंय तो वस्तूबद्दल कमी आणि स्वतःच्या कामाबद्दल जास्त लिहितो: 'इडलीचं पीठ दोनदा वाटावं लागतं', 'छोट्या भांड्याचं झाकण दाबून धरावं लागतं', 'ताण आला की खालचं लाल बटण पडून मिक्सर दर वेळी बंद होतो'. आवाज कशापेक्षा कमी? जुन्या मिक्सरशी तुलना नाही. 'दिसायला सुंदर' हे बॉक्स उघडताक्षणी लिहिता येतं. 'पैसा वसूल' म्हणताना तर ते पैसे मला परत मिळणार होते, म्हणजे किमतीबद्दल बोलायचा मला अधिकारच नव्हता. आणि 'सगळ्यांनी घ्या' असा आग्रह स्वतःसाठी वस्तू घेणारा माणूस सहसा करत नाही, तो आपल्याला काय अनुभव आला ते लिहून मोकळा होतो. माझ्या फोटोत भांडं रिकामं होतं, ओटा पुसलेला होता. खऱ्या वापराच्या फोटोत भांड्याला हळदीचे डाग असतात, पाठीमागे घासायची भांडी पडलेली असतात.

माझ्या नावावर कुणी क्लिक केलं असतं तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. एका महिन्यात बेडशीट, दाढीचा ट्रिमर, लहान मुलांचं घड्याळ आणि गाडीत लावायचा मोबाइल होल्डर, सगळ्यांना पाच स्टार. आमच्याकडे गाडी नाही. जिथे रिव्ह्यू देणाऱ्याचं नाव उघडता येतं तिथे ते उघडाच, दोन मिनिटं लागतात. अनोळखी ब्रँडच्या भाराभर वस्तू आणि सगळ्याच उत्तम, असं दिसलं की ती व्यक्ती माझ्यासारखीच असणार असं समजा.

आता तारखा. साइट आपल्याला आधी 'टॉप रिव्ह्यू' दाखवते. ते बदलून सर्वांत नवीन आधी असं लावा आणि बोटाने खाली जात फक्त तारखा बघा. एजंटला आठवड्यात ठरावीक आकडा गाठायचा असायचा, त्यामुळे आमचे रिव्ह्यू घोळक्याने पडायचे. चार दिवसांत पंधरा-वीस, मग महिनाभर शुकशुकाट, मग पुन्हा घोळका. एखादा मोठा सेल होऊन गेला असेल तर तशी गर्दी खरीही असू शकते, तेवढं लक्षात घ्या. पण सेल नसताना नव्या ब्रँडवर अशी गर्दी दिसली तर मी पुढे जात नाही.

नंतर दोन, तीन आणि चार स्टारवाले वाचा. या मधल्या स्टारना कुणी पैसे देत नाही, म्हणून खरी माहिती तिथे सापडते. एक स्टारवाल्यांतले निम्मे कुरिअरवर चिडलेले असतात, बॉक्स फाटला, उशिरा आला वगैरे. ते बाजूला काढा. उरलेल्यांत एकच तक्रार तीन वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या महिन्यांत केली असेल तर ती खरी धरा. आत्याच्या मिक्सरखाली 'जळका वास येतो' असं दोघांनी माझ्या आधी लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं.

रिव्ह्यू त्याच वस्तूचे आहेत ना, हेही बघा. काही विक्रेते जुन्या, चांगले रिव्ह्यू असलेल्या पानावर वस्तूच बदलतात, किंवा भलत्याच वस्तू एकाच पानाखाली रंग-साइज म्हणून जोडतात. मग मिक्सरखाली मोबाइलच्या कव्हरचं कौतुक सापडतं. सर्वांत जुने दहा रिव्ह्यू वाचले की लगेच कळतं.

सगळेच फुकट वस्तू लपवून घेत नाहीत, हेही सांगायला हवं. ॲमेझॉनचा 'वाइन' नावाचा कार्यक्रम २००७पासून आहे. त्यात निवडलेल्या लोकांना वस्तू फुकट मिळते आणि रिव्ह्यूवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. फुकट किंवा सवलतीच्या वस्तूवर रिव्ह्यू लिहून घ्यायला त्याच कंपनीने ऑक्टोबर २०१६मध्ये बंदी घातली, वाइन तेवढं ठेवलं. असा उघड सांगून लिहिलेला रिव्ह्यू मी वाचते, पण मोजक्याच गोष्टींसाठी: माप किती, वायर किती लांब, बॉक्समध्ये काय काय आलं, बसवायला किती वेळ लागला. टिकाऊपणा, किंमत आणि सर्व्हिस या तीन गोष्टींसाठी तो वाचत नाही. वस्तू नवी असते, पैसे गेलेले नसतात आणि सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आलेली नसते.

कायद्याचं थोडक्यात. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकता येत नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये भारतीय मानक ब्युरोने (बीआयएस) ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे. रील करणाऱ्यांसाठी जानेवारी २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या सूचना आल्या. पैसेच नाही, तर फुकट वस्तू आणि सवलत घेतली असेल तरी ते प्रेक्षकाला स्पष्ट सांगावं लागतं, आणि ज्या भाषेत रील आहे त्याच भाषेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा किचनच्या वस्तूंची मराठी रील बघताना 'ही मला कंपनीने दिली' हे वाक्य कुठे येतं का, ते ऐका.

जिथे जिवाशी गाठ आहे तिथे स्टार बघूच नका. प्रेशर कुकरला फेब्रुवारी २०२१पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्या चिन्हाजवळ सीएम/एलने सुरू होणारा नंबर असतो. बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की परवाना कुणाच्या नावाचा आहे आणि चालू आहे का ते दिसतं. वस्तू घरी आल्यावर कुकर गॅसवर ठेवायच्या आधी हे करा, नंबर जुळला नाही तर परत पाठवा.

आणखी एक सवय मी लावून घेतलीय. विजेची वस्तू मागवण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची यादी बघते आणि फोन लावते. सांगली-मिरजेत नसेल तर निदान कोल्हापुरात आहे का? फोनच कुणी उचलला नाही, तर त्या वस्तूचे दहा हजार रिव्ह्यू असले तरी मी ती घेत नाही.

बॉक्समध्ये कधी कधी छोटं कार्ड निघतं, 'पाच स्टार द्या, १०० रुपये मिळवा', खाली क्यूआर कोड. कार्ड टाकून देऊ नका. त्याचा फोटो काढा, क्यूआर कोड स्कॅन मात्र करू नका, आणि फोटो साइटच्या तक्रार विभागाला पाठवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीत बोलता येतं. आणि जे आज माझ्यासारख्या ग्रुपमध्ये आहेत त्यांना कळकळीने सांगते: त्याच वाटेवर पुढे 'आधी थोडे पैसे भरा, टास्क पूर्ण करा, दुप्पट घ्या' असे मेसेज येतात. ती सरळ फसवणूक असते. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर, फोन करा.

आत्याला मी मिक्सरचे पैसे दिले. तिने दोनदा नको म्हटलं, मग घेतले. त्याच रात्री मी तो रिव्ह्यू उघडला, पाचाचा एक स्टार केला आणि लिहिलं: 'ही वस्तू मला पैसे परत देऊन दिली होती. मी ती एकदाच वापरली होती. माझ्या नात्यातल्या बाईचा मिक्सर पाचव्या आठवड्यात जळला, आतली तार ॲल्युमिनियमची निघाली.' दुसऱ्या दिवशी एजंटने पैसे परत मागितले, मी दिले नाहीत, त्याने ग्रुपमधून काढलं. मग बाकीचे रिव्ह्यू एकेक करून उघडत बसले. ज्या वस्तू घरात अजून चालू होत्या त्यांचं खरं काय ते लिहिलं, जिथे आठवत नव्हतं तिथे रिव्ह्यू काढून टाकला. त्याला तीन रात्री लागल्या.