लँडफिल सेलचं अस्तर: विदर्भातल्या साइटवर या चुका टाळा

नगरपंचायतीने जागा दिली, पोकलेनने खड्डा केला, त्यात काळी पन्नी अंथरली की सेल (कचरा पुरायचा कप्पा) तयार, अशा समजुतीने काम घेणारे कंत्राटदार आजही भेटतात. त्यातले बरेच जण शेततळ्याच्या कामातून आलेले असतात. शेततळ्याला ५०० मायक्रॉनची फिल्म चालते, कारण ती फाटली तर पाणीच जाईल. इथे जाईल ते लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, आणि ते उतरेल खालच्या शिवारातल्या विहिरीत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितलेलं किमान अस्तर म्हणजे १.५ मिमी जाडीचं एचडीपीई (जाड प्लास्टिकची पन्नी) आणि त्याखाली ९० सेंमी दाबलेली चिकणमाती. या मातीची पारगम्यता (पाणी झिरपू देण्याचा वेग) सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जास्त नसावी. पन्नीला भोक पडलं तर माती गळती अडवते, पण त्यासाठी दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटून असायला हवेत. आपल्याकडे हे चिकटणंच बिघडतं, आणि बहुतेक वेळा ऊन-पावसाचं गणित न बघता काम काढल्यामुळे.

भूजल मे महिन्यात मोजणं

बोअर एप्रिल-मेमध्ये घेतात, कारण तेव्हा गाडी शिवारात जाते. अहवालात पाणी खोल दिसतं आणि सेलचा तळ त्या आकड्यावर ठरतो. नियमाला हवी ती वर्षातली सर्वांत वरची पातळी, आणि ती मातीच्या थराच्या तळापासून किमान २ मीटर खाली असली पाहिजे. पोळा ते दिवाळी या काळात आजूबाजूच्या विहिरी मोजा. भर पावसाळ्यात पाणी कितव्या पायरीवर येतं, हे विहिरीचा मालक नेमकं सांगतो. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव जवळ असेल तर तलाव भरल्यावरचं मोजमाप घ्याच. पाणी वर आलं की रिकाम्या सेलचं अस्तर खालून उचललं जातं आणि शिवण ताणली जाते.

काळ्या मातीवर आंधळा भरवसा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. काळी माती शेजारच्या वावरात मिळते आणि ओली असताना पाणी सोडत नाही, हेही खरं. पण सुकली की ती आकसते. वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, दाबलेल्या थराला केसासारख्या पडतात, आणि लिचेटला तेवढ्या पुरतात. अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सकाळी दाबलेला थर उघडा ठेवला तर दुपारी त्यावर जाळी दिसू लागते. मग टँकरने पाणी मारतात. वरची भेग मिटते, आतली राहते. असा थर खरवडून, ओलावा देऊन, पुन्हा दाबण्याला पर्याय नाही. त्याच दिवशी पुढचा थर येणार नसेल तर ओलं गोणपाट किंवा ताडपत्री टाकून झाका.

दुसरी चूक रस्त्याच्या कामातून येते. तिथे घनता मिळाली की थर पास. इथे घनता मिळूनही थर गळू शकतो, कारण कोरड्या बाजूला दाबलेल्या मातीत ढेकळांमधल्या फटी तशाच राहतात. ढेकळं फोडा, प्रॉक्टर चाचणीत निघालेल्या इष्टतम ओलाव्यापेक्षा (ज्यावर माती सर्वांत घट्ट दबते) २ ते ४ टक्के जास्त ओलावा ठेवा, १५ सेंमीचे थर शीपफूट (खुरांसारख्या दात्यांच्या) रोलरने दाबा. नवा थर टाकण्याआधी खालचा खरवडा, नाहीतर दोन थरांच्या मधून पाणी आडवं पळतं. माती फारच आकसणारी असेल तर तिच्यात रेताड माती मिसळून, लागलं तर बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) घालून, प्रयोगशाळेत पारगम्यता काढून घ्या. मुरूम मात्र भरतीपुरताच ठेवा.

भर दुपारी पन्नी अंथरणं

एचडीपीई उन्हात फुगतं. शंभर मीटरच्या पट्टीत चाळीस अंशांचा फरक पडला तर लांबी अर्ध्या ते पाऊण मीटरने बदलते. दुपारी अंथरलेल्या पन्नीला सुरकुत्या पडतात, त्यांवर लिचेट वाहून नेणारी गिट्टी पडली की त्या कायमच्या राहतात, आणि सुरकुतीखाली माती-पन्नीचा संपर्क तुटतो. तिथे एक भोक पडलं की लिचेट सुरकुतीच्या पोकळीतून दूरवर पसरतं. पट्ट्या पहाटे किंवा सकाळी अंथरा, सुरकुती बसल्यावरच वरचा थर टाका.

जोडाची तपासणी स्वतः उभं राहून करून घ्या. हॉट वेजच्या (तापलेल्या पाचरीने वितळवून केलेल्या) दुहेरी जोडात मध्ये हवेची नळी राहते. तिची दोन्ही टोकं बंद करून सुमारे २ किलोचा दाब भरतात आणि पाच मिनिटं काटा बघतात. काटा टिकला म्हणजे झालं, असं समजू नका. लांबचं टोक कापा. तिथून फस्सकन हवा सुटली तरच पूर्ण लांबी तपासली गेली. नाही सुटली तर नळी मध्येच बुजलेली आहे आणि पुढचा जोड तपासलाच गेलेला नाही. ठिगळांना ही चाचणी करता येत नाही, तिथे व्हॅक्यूम बॉक्स (हवा ओढून गळती दाखवणारी पेटी) लावा.

गिट्टी कुठलीही चालते?

नाही. वणी, कोरपना भागात चुनखडक जवळ आणि स्वस्त पडतो. लिचेट आम्लधर्मी असताना तो विरघळतो आणि पुढे क्षार साचून लिचेट गोळा करणारे पाइप बुजतात. बेसाल्टची धुतलेली गिट्टी घ्या. ती टोकदार असते, म्हणून पन्नीवर जाड जिओटेक्स्टाइल (संरक्षक कापड) आधी टाका, आणि गिट्टीचा पुरेसा थर पसरल्याशिवाय डोझर आत सोडू नका.

मिरगाच्या आधी भरायचा आणि न भरायचा भाग बांधाने वेगळा करा, म्हणजे रिकाम्या भागातलं पावसाचं पाणी लिचेट न होता बाहेर उपसता येतं. कुंपण पक्कं हवं. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) उतारावर चढले की खुरांनी पन्नी फाटते.

कापूसपट्ट्यातला घातक कचरा

कीटकनाशकांचे डबे, बॅटऱ्या, रंगाचे डबे साध्या सेलमध्ये जाता कामा नयेत. तो घरगुती घातक कचरा वेगळा गोळा करायचा. उद्योगांचा घातक कचरा बुटीबोरीसारख्या सामायिक केंद्रावरच जायला हवा. घातक कचऱ्याच्या सेलला दुहेरी अस्तर देतात आणि दोन्हींच्या मध्ये गळती दाखवणारा थर ठेवतात. तिथेही ओला गाळ थेट टाकत नाहीत, आधी सिमेंट किंवा चुन्याने स्थिर करतात.

लिचेट अचानक कमी झालं तर

आनंद मानू नका. भर पावसाळ्यात संप (लिचेट जमा होणारा खड्डा) कोरडा म्हणजे पाइप बुजला असेल, किंवा लिचेट दुसरीकडे जात असेल. पाइपला दाबाने पाणी मारून बघा, तळावर लिचेट ३० सेंमीच्या वर साचलं आहे का ते मोजा, मग निरीक्षण विहिरींचं पाणी तपासा. खारपाणपट्ट्यात मात्र एक अडचण येते: तिथलं भूजल मुळातच खारं, त्यामुळे नुसत्या क्लोराइडच्या आकड्यावरून गळती ओळखता येत नाही. म्हणून कचऱ्याची पहिली गाडी येण्याआधीच, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, सेलच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या विहिरींचे नमुने घेऊन ठेवा.