एका पॅनमध्ये रात्रीचं जेवण: नव्याने परदेशी आलेल्यांसाठी

नवीन माणूस आला की पहिल्या महिन्यातच भांड्यांचा सेट घेतो. ऑफर असते, खोका चकचकीत असतो, आत दहा-बारा नग असतात. त्यातले दोन-तीन वापरात राहतात, उरलेले कपाटात एकमेकांत अडकून बसतात आणि घर बदलताना ओळखीच्यांच्या गळ्यात मारले जातात. माझ्या गळ्यात बरेच मारून झालेत, तेव्हा स्पष्टच लिहिते. कामावरून घरी आल्यावर एकट्यापुरतं किंवा दोघांपुरतं गरम जेवण करायला एक पॅन पुरतो. ज्यांना पुरत नाही ते बहुतेक सगळं एकदम टाकतात आणि पाणी अंदाजाने ओततात. अशांना दहा पॅन दिले तरी दहाही करपतील.

पॅन २८ सेंटिमीटरचा घ्या. कड सहा-सात सेंटिमीटर उंच हवी, म्हणजे त्यात भातही होतो आणि रस्साही. झाकण घट्ट बसणारं हवं. झाकण नसलेला पॅन स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, कारण पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं झाकणावर चालतं. आणि तळ सपाट आणि जाड हवा. घरून आणलेली गोल बुडाची कढई काचेच्या सपाट शेगडीवर मधोमध जेमतेम टेकते, तेवढ्याच जागी जळते आणि कडेला थंड राहते. शेगडी इंडक्शनची असेल तर पॅनच्या बुडाला फ्रिजवरचा चुंबक लावून बघा. चिकटला तर चालेल. नुसत्या ॲल्युमिनियमला चिकटणार नाही आणि तो पॅन तापणारही नाही.

नॉनस्टिक की स्टील की बीड, यावर आपल्या लोकांत भांडणं होतात. माझं मत स्टीलच्या बाजूने, मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेल्या जाड बुडाच्या. नॉनस्टिक अंड्यांना छान, पण रिकामा पॅन मोठ्या आचेवर ठेवून फोनवर बोलत बसणाऱ्यांसाठी ते नाही. सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या वर तो लेप बिघडायला लागतो आणि रिकामा पॅन काही मिनिटांत तिथवर जातो. घरात पोपट किंवा दुसरा पक्षी असेल तर त्या वाफा त्याच्या जिवावर बेततात. बिडाचा पॅन उत्तम, फक्त उचलताना मनगट दुखतं आणि टोमॅटो त्यात बराच वेळ शिजला की लोखंडाची चव उतरते. स्टीलला चिकटतं अशी तक्रार सगळे करतात. आधी पॅन तापवा, मग त्यात पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच चरचरून आटला तर अजून वेळ आहे. गोळी होऊन इकडेतिकडे पळायला लागला की तेल घाला आणि लगेच जिन्नस टाका. तरीही चिकटलं तर ओढू नका. नीट लाल झालं की बहुतेकदा आपोआप सुटतं.

शेगडीबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण गॅसवर वाढलेल्या हाताला विजेची शेगडी कळायला वेळ लागतो. गॅस बारीक केला की आच तिथल्या तिथे उतरते. विजेच्या तापत्या तबकडीचं तसं नाही. बटण शून्यावर आणलं तरी ती कितीतरी वेळ गरमच राहते. कांदा लाल व्हायला लागला म्हणून तुम्ही आच कमी करता आणि दोन मिनिटांनी बघता तर कांदा काळा. त्यामुळे इथे आच कमी करायची म्हणजे पॅन उचलून बाजूला घ्यायचा. उलट बाजूने याचा फायदाही आहे. भात होत आला की तीन-चार मिनिटं आधीच बटण बंद करा, उरलेल्या उष्णतेवर तो पुरा होतो. इंडक्शन मात्र गॅससारखंच ऐकतं, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

आता, पॅन उचलून बाजूला घ्यायचा म्हणजे कुठे? इथेच ती महागडी चूक होते.

भाड्याच्या घरातला ओटा दगडाचा असेलच असं नाही. पुष्कळदा तो भुश्याच्या दाबलेल्या फळीवर प्लास्टिकचा पातळ थर लावलेला असतो. दिसतो मात्र अगदी दगडासारखा. आपण लहानपणापासून ओट्यावर गरम पातेली आदळत आलो, तो हात इथेही तसाच चालतो. तापलेला पॅन त्यावर टेकला की गोल डाग पडतो, कधी थर फुगून वर येतो. घासून जात नाही, सोड्याने जात नाही, लिंबाने जात नाही. घर सोडताना मालक तो तुकडा बदलत नाही, पूर्ण ओटा बदलतो आणि पैसे अनामत रकमेतून कापतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा, स्वयंपाक उत्तम करायचा, दारावरची बेल वाजली म्हणून पॅन क्षणभर खाली ठेवून गेला. त्या एका क्षणात त्याची निम्मी अनामत गेली. तो एकटा नाही. दरवर्षी कुणी ना कुणी हेच करतं, आणि दरवर्षी मला फोन येतो की डागावर काही उपाय आहे का. नाही. काहीही नाही.

म्हणून शेगडी लावायच्या आधी बाजूला जाड लाकडी फळी ठेवा. कांदा चिरायच्याही आधी. चिरायची फळी वेगळी आणि ही वेगळी, कारण चिरायच्या फळीवर ऐन वेळी कांदा पडलेला असतो. हे एवढं केलंत आणि खालचं सगळं विसरलात तरी माझी हरकत नाही.

आता पदार्थाकडे. एका पॅनच्या जेवणात नियम एकच: ज्याला वेळ लागतो ते आधी. बटाटा, गाजर, फ्लॉवरचे देठ पहिले. मग कांदा. मग मसाले. टोमॅटो उशिरा. मटार, पालक, कोथिंबीर अगदी शेवटी. फ्रीझरमधले मटार वितळवत बसू नका, तसेच टाका.

टोमॅटो उशिरा का, हे नीट सांगते, कारण हे न कळल्यामुळे लोक बटाट्याला शिव्या घालतात. आंबट घटकात बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही. म्हणजे कच्चा बटाटा आणि टोमॅटो एकत्र टाकलेत तर अर्धा तास झाला तरी बटाटा कचकचीत लागतो. डाळींचंही तसंच. आधी बटाटा मऊ होऊ द्या, सुरी सहज आत गेली पाहिजे, मगच टोमॅटो, लिंबू, चिंच जे काय असेल ते.

एक जेवण पूर्ण लिहिते, बाकीची त्यावरून जमतील. दोन मध्यम बटाटे दीड सेंटिमीटरचे तुकडे करून चिरा आणि फडक्याने कोरडे करा. कोरडे करणं ही चैन नाही. पाणी १०० अंशांवर उकळतं आणि ते उडून जाईपर्यंत पॅनमधला जिन्नस त्याच्या वर फारसा तापत नाही. लाल रंग आणि खमंगपणा साधारण १४० अंशांच्या पुढे येतो. ओले तुकडे म्हणून आधी वाफारतात आणि पांढरेफटक राहतात. तर पॅन तापवा, दोन चमचे तेल, तुकडे एका थरात पसरा आणि चार-पाच मिनिटं त्यांना हात लावू नका. नव्या माणसाला उलथनं हातात आलं की ते हलवल्याशिवाय राहवत नाही. ठेवून द्या ते. खालची बाजू लाल झाली की परता, चिरलेला कांदा घाला, तो पारदर्शक झाला की आच उतरवून तिखट, हळद, मीठ. कोरडे मसाले अर्ध्या मिनिटात करपतात, म्हणून हाताशी अर्धी वाटी पाणी ठेवा आणि लगेच ओता. ते पाणी पडलं की बुडाला धरलेला तांबूस थर सुटतो, तो उलथन्याने खरवडून मिसळा. सगळी चव त्यात असते. झाकण ठेवून आठ मिनिटं. बटाटा मऊ झाला की चिरलेला टोमॅटो आणि डब्यातले शिजवलेले छोले, पाणी निथळून. आणखी पाच मिनिटं. वर दोन खड्डे करून अंडी फोडा, झाकण ठेवा, पाच मिनिटांत पांढरं बसतं. ताट घ्यायचं, जेवायचं.

छोल्यांच्या जागी राजमा घ्यायचा तर डब्यातलाच घ्या. कच्चा राजमा भिजवून मंद आचेवर अर्धवट शिजवला तर त्यातल्या विषारी घटकामुळे उलट्या होतात. तो किमान पाच तास भिजवून, पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा लागतो. कामाच्या दिवशी रात्री एवढा वेळ कुणाकडे आहे?

भात याच पॅनमध्ये होतो. कांदा, मसाला, भाज्या परतून घ्या, एक वाटी धुतलेला तांदूळ दोन मिनिटं परता, दोन वाट्या उकळतं पाणी आणि वर एक डाव. वरचा डाव अशासाठी की पसरट भांड्यातून वाफ जास्त जाते. एक उकळी आली की आच अगदी कमी, झाकण, बारा मिनिटं, मग बटण बंद करून आणखी दहा मिनिटं. मधे झाकण उघडून बघायचं नाही. मसुरीची डाळ याच पद्धतीने, पाणी तिप्पट, वीसेक मिनिटं. तुरीची डाळ पॅनमध्ये करायला जाऊ नका.

चिकन खाणाऱ्यांनी मांडीचं, हाड काढलेलं घ्यावं. छातीचं दोन मिनिटं जास्त झालं की भुसा होतो, मांडीचं सांभाळून घेतं. नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर जातात, पुसून घ्या. आतून ७४ अंश झालं म्हणजे शिजलं, स्वस्तातला थर्मामीटर घेतलात तर अंदाज बांधत बसावं लागत नाही. आणि एका वेळी पॅन दाटीने भरू नका, नाहीतर भाजण्याऐवजी ते स्वतःच्याच पाण्यात उकळतं.

आता धुराची घंटा, म्हणजे धूर लागला की किंचाळणारा तो छतावरचा डबा. भाड्याच्या घरांची स्वयंपाकघरं बघून वाटतं, बांधणाऱ्याने आयुष्यात कधी मोहरी तडतडताना पाहिली नसावी. वरचा पंखा पुष्कळदा धूर बाहेर टाकतच नाही, जाळीतून फिरवून परत तुमच्याच तोंडावर सोडतो. आपल्यातले काही जाणते नवीन मुलांना घंटेवर प्लास्टिकची पिशवी बांधायला शिकवतात. हा शहाणपणा कृपया शिकू नका. खिडकी उघडा, झोपायच्या खोलीचं दार लावा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका आणि फोडणी मध्यम आचेवर करा. मोहरी तशीही तडतडते, अर्धं मिनिट उशिरा. तेलाने पेट घेतलाच तर बटण बंद, वर झाकण आणि हात मागे. पाणी ओतायचं नाही, पॅन उचलून पळायचं नाही.

रविवारी आठवड्याचं करून सात डबे भरणारेही आपल्यात पुष्कळ. पहिला रविवार उत्साहात जातो, गुरुवारी तेच डबे कचऱ्यात. शिजवलेलं फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं, त्यामुळे फार तर दुसऱ्या दिवसाच्या डब्यापुरतं जास्त करा. ते मात्र रात्रभर पॅनमध्ये शेगडीवर ठेवू नका, भात तर अजिबात नाही. भातातले काही जंतू शिजवूनही उरतात, आणि भात बाहेर राहिला की जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

पॅन गरम असताना त्यावर गार पाणी सोडू नका, तळ वाकतो आणि मग सपाट शेगडीवर डुगडुगतो. जेवायला बसण्याआधी त्यात गरम पाणी घालून ठेवा, जेवण होईपर्यंत सुटलेलं असतं. उरलेलं तेल आधी कागदाने पुसून कचऱ्यात, सिंकमध्ये नाही. आणि पाणी घातलेला तो पॅन जेवताना ठेवायचा कुठे, हे आता पुन्हा सांगायला लावू नका.