पहिला कॅमेरा निवडताना: कॅनन आर५० आणि निकॉन झेड५० यांची तुलना कशी करावी

लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा घ्यायचा ठरला की बहुतेक जण दोन मॉडेलांचे तपशील शेजारी शेजारी मांडतात आणि ज्याचे आकडे मोठे त्याच्याकडे झुकतात. ही पद्धत अपुरी आहे, कारण फोटो एकट्या बॉडीवर, म्हणजे लेन्स नसलेल्या नुसत्या कॅमेऱ्यावर, निघत नाही. तो बॉडी आणि तिच्यावरची लेन्स या दोघींवर मिळून निघतो, आणि सुरुवातीची काही वर्षे तरी बहुतेकांकडे संचासोबत आलेल्या दोन लेन्सशिवाय तिसरी लेन्स नसते. म्हणून तुलना करायची ती दोन पूर्ण संचांची, आणि तीही आपण खरोखर कशाचे फोटो काढणार आहोत हे समोर ठेवून. ही रीत येथे कॅनन ईओएस आर५० आणि निकॉन झेड५० या दोन मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांवर करून दाखवली आहे. आर५० हा २०२३ मध्ये आला आणि झेड५० हा २०१९ मध्ये; झेड५० ची दुसरी आवृत्ती २०२४ च्या अखेरीस आली असली, तरी येथे मूळ मॉडेलच घेतले आहे.

आधी कागदावर आपली कामे लिहावीत. नागपूरच्या माणसाची यादी साधारण अशी असते: घरचे कार्यक्रम आणि लग्ने, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत आणि बडग्या या पुतळ्यांची मिरवणूक, अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या पाण्यावरचे पक्षी, आणि वर्षातून एखाद-दुसरी पेंच, उमरेड-कऱ्हांडला किंवा ताडोब्याची सफारी. यातली पहिली दोन कामे जवळून आणि रुंद चौकटीत होतात, उरलेली लांबून. पुढचा सगळा हिशेब या दोन टोकांवर अवलंबून आहे.

मेगापिक्सेलचा प्रश्न लवकर निकाली काढता येतो. आर५० चा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो, झेड५० चा ५५६८ × ३७१२ चा. लग्नाच्या अल्बममध्ये लागणारा १२ × १८ इंची प्रिंट दर इंचाला ३०० पिक्सेल धरून काढायचा झाला, तर ३६०० × ५४०० पिक्सेल पुरतात, आणि तेवढे दोन्ही कॅमेरे देतात. २४ आणि २१ मेगापिक्सेल या आकड्यांमधला फरक लांबी-रुंदीत जेमतेम ८ टक्क्यांचा आहे; त्यावरून निर्णय घेऊ नये.

रुंद टोकाचा फरक मात्र डोळ्यांना दिसतो. दोन्ही सेन्सर (प्रकाश टिपणारे भाग) एपीएस-सी या एकाच गटातले म्हणवले जातात, पण ते एका मापाचे नाहीत: कॅननचा २२.३ मि.मी. रुंद आहे, निकॉनचा २३.५ मि.मी. त्यामुळे फोकल लेंग्थला (लेन्सवरचा मि.मी.चा आकडा; तो जितका लहान तितकी चौकट रुंद) फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ मि.मी. रुंद सेन्सरच्या, मापात आणण्यासाठी कॅननला १.६ ने आणि निकॉनला १.५ ने गुणावे लागते. आर५० सोबत १८-४५ मि.मी. लेन्स मिळते, म्हणजे सुरुवात २९ मि.मी.पासून, झेड५० सोबत १६-५० मि.मी. मिळते, म्हणजे सुरुवात २४ पासून. हे प्रत्यक्षात काय असते ते घरातच पाहावे. भिंतीपासून ३ मीटरवर उभे राहिल्यास निकॉनच्या चौकटीत भिंतीची सुमारे ४.४ मीटर रुंदी मावते आणि कॅननच्या चौकटीत सुमारे ३.७ मीटर. हळदीच्या कार्यक्रमात खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकलेली असते आणि मागे सरकायला जागा नसते, तेव्हा कडेची मावशी फोटोत येणार की कापली जाणार हे या ७० सेंटीमीटरवर ठरते. इतवारी-महालच्या गर्दीत पिवळी मारबत अगदी समोर आली की तिथेही हीच अडचण येते.

आता लांबचे टोक. माझ्या मते विदर्भात कॅमेरा घेणाऱ्याने सर्वाधिक वेळ याच भागाला द्यावा, आणि नेमका हाच भाग सर्वाधिक चुकीच्या पद्धतीने तपासला जातो. कॅननच्या दोन लेन्सच्या संचात ५५-२१० मि.मी. लेन्स असते आणि तिचे लांबच्या टोकाचे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे भोक; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) एफ/७.१ आहे. निकॉनच्या संचात ५०-२५० मि.मी. लेन्स असते आणि ती त्या टोकाला एफ/६.३ वर उघडते. फुल फ्रेमच्या मापात पहिली ३३६ मि.मी. होते, दुसरी ३७५. इथपर्यंत दुकानदारही सांगतो. पण कॅननचे पिक्सेल अधिक दाट असल्यामुळे त्याच अंतरावरचा तोच खंड्या दोन्ही फोटोंत किती पिक्सेल व्यापतो हे मोजले, तर निकॉनची आघाडी केवळ ५ टक्क्यांवर येते. म्हणजे पक्षी ‘जवळ येण्यात’ दोघे जवळपास बरोबरीचे आहेत.

खरा फरक प्रकाशात आहे. फोकल लेंग्थला एफ क्रमांकाने भागले की लेन्सचा प्रकाश घेणारा व्यास मिळतो. कॅननच्या लेन्सचा तो सुमारे ३० मि.मी. येतो, निकॉनच्या लेन्सचा सुमारे ४० मि.मी.; आणि प्रकाश क्षेत्रफळाप्रमाणे गोळा होत असल्यामुळे त्याच पक्ष्याकडून, तेवढ्याच वेळात, निकॉनची लेन्स पावणेदोन पटींच्या आसपास प्रकाश आत घेते. डिसेंबरात पहाटे सफारीची जिप्सी गेटमधून आत शिरते तेव्हा झाडांखाली उजेड नावालाच असतो. अशा वेळी निकॉनवर ३२०० आयएसओला (प्रकाशाची संवेदनक्षमता; ती वाढवली की फोटोत दाणे दिसू लागतात) जो शटरवेग मिळतो, त्यासाठी कॅननवर ४००० आयएसओ लावावा लागतो, आणि पक्षी दोन्ही फोटोंत सारख्या मापाचा करून पाहिला की कॅननच्या फोटोतले दाणे त्याहूनही अधिक जाणवतात.

तरीही एवढ्यावर निकाल लावता येत नाही, कारण कॅननचे पारडे फोकसमध्ये जड आहे. आर५० माणसे, वाहने आणि प्राणी ओळखतो, आणि त्याच्या प्राण्यांत कुत्रे, मांजर यांच्यासोबत पक्षीही येतात. उडणाऱ्या बगळ्याच्या डोळ्यावर चौकोन आपोआप बसतो आणि त्याच्यासोबत सरकतो. मूळ झेड५० माणसांचे आणि, फर्मवेअर (कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यानंतर, कुत्र्या-मांजरांचे डोळे ओळखतो. पक्ष्यांसाठी त्यात वेगळी सोय नाही. तेथे एकच फोकस बिंदू निवडून तो स्वतः पक्ष्यावर धरून ठेवावा लागतो. फांदीवर बसलेल्या पक्ष्यासाठी किंवा पाणवठ्यावर पहुडलेल्या वाघासाठी ते सहज जमते, उडत्या पक्ष्यासाठी सरावाने जमते, आणि अंगणात धावणाऱ्या लहान मुलांसाठी कॅनन अधिक खात्रीचा आहे. माझे मत विचारल्यास, स्थिर वन्यजीव आणि मंद उजेड हे मुख्य काम असेल तर मी निकॉनचा संच सुचवतो, आणि हालचाल किंवा व्हिडिओ हे मुख्य काम असेल तर कॅननचा.

व्हिडिओबद्दल थोडेच सांगायचे आहे. दोघेही ४के व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत घेतात आणि दोघांनाही बाहेरचा माइक जोडता येतो. आर५० चा स्क्रीन बाजूला उघडून पूर्ण फिरतो, तर झेड५० चा खाली उलटतो, त्यामुळे ट्रायपॉडवर लावल्यावर स्वतःकडे वळवलेला स्क्रीन ट्रायपॉडच्या डोक्याआड जातो. एकट्याने स्वतःचे व्हिडिओ करणाऱ्यासाठी ही बाब निर्णायक आहे.

यानंतर दुकानात जावे. सीताबर्डीत शनिवार-रविवारी गर्दी असते, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेल्यास दुकानदार कॅमेरा निवांतपणे हाताळू देतो. सोबत आपले स्वतःचे एसडी कार्ड न्यावे, म्हणजे फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर पाहता येतात. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळेच फोटो चांगले दिसतात. दोन्ही कॅमेऱ्यांवर ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटरवेग कॅमेरा ठरवतो) लावावी, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची जुळणी) एकच ठेवावा, फोटो रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपीईजी अशा दोन्ही स्वरूपांत घ्यावा, आणि एकाच शेल्फचा फोटो एकाच जागेवरून ४००, १६०० आणि ६४०० आयएसओला काढावा. ऑटोवर काढलेल्या फोटोंत दोन कंपन्यांची रंगांची आवड तेवढी समोर येते, कॅमेऱ्याची कुवत समजत नाही. मग दाराशी उभे राहून समोरून येणाऱ्या दुचाकीवर सलग फोटोंचा मोड लावून शटरचे बटण दाबून धरावे. आर५० सेकंदाला १२ आणि झेड५० सेकंदाला ११ फ्रेम घेतो, पण रॉमध्ये आर५० चा बफर (फोटो कार्डवर जाईपर्यंत ते धरून ठेवणारी स्मृती) लवकर भरतो आणि वेग खाली येतो. हे ऐकून समजून घेण्यापेक्षा बोटाखाली अनुभवलेले बरे.

दुकानातल्या दिव्यांखाली एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत आडवे पट्टे उमटतात. तो कॅमेऱ्याचा दोष समजू नये; तेथे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून १/५० किंवा १/१०० सेकंदाचा वेग वापरावा, आणि व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर घ्यावा.

हातातला अनुभव शेवटी पाहावा, पण नक्की पाहावा. बॅटरी आणि कार्डसह आर५० चे वजन ३७५ ग्रॅम आहे, झेड५० चे ४५०. दोन्ही लेन्स धरून पूर्ण संच अनुक्रमे सुमारे ७७५ आणि ९९० ग्रॅमचा होतो. त्या जास्तीच्या वजनाच्या मोबदल्यात झेड५० ला खोल पकड आणि शटरवेग व ॲपर्चरसाठी दोन वेगळी चक्रे मिळतात, म्हणजे व्ह्यूफाइंडरवरून डोळा न काढता दोन्ही बदलता येतात. आर५० वर एकच मुख्य चक्र आहे. दोन्ही बॉडींत स्थिरीकरणाची यंत्रणा नाही. ती लेन्समध्ये आहे, त्यामुळे पुढे ५० मि.मी. एफ/१.८ सारखी स्थिरीकरण नसलेली लेन्स घेतल्यास हात स्थिर ठेवावाच लागेल.

घरात जुने साहित्य असेल तर हिशेब बदलू शकतो. वडिलांच्या किंवा काकांच्या डीएसएलआरच्या कॅनन ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून आर५० वर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर मात्र फोकसची मोटर लेन्समध्येच असलेल्या, म्हणजे एएफ-एस आणि एएफ-पी प्रकारच्या लेन्सच आपोआप फोकस करतात. बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स हातानेच फिरवाव्या लागतात. उलट फ्लॅशच्या बाबतीत अडचण कॅननची आहे: आर५० वर कॅननचे जुने स्पीडलाइट (वरून बसवायचे वेगळे) फ्लॅश बसवायचे तर एडी-ई१ हा वेगळा अडॅप्टर विकत घ्यावा लागतो. लग्नाची कामे घेणाऱ्याने हा खर्च आधीच धरावा.

नागपूरच्या उन्हाचाही विचार व्हावा. दोन्ही कंपन्या कामकाजाचे तापमान ० ते ४० अंश देतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दुपारच्या सफारीत कॅमेरा पांढऱ्या सुती कापडाखाली ठेवावा, उभ्या गाडीत कधीही सोडू नये, आणि धुळीच्या रस्त्यावर चालत्या जिप्सीत लेन्स बदलू नये. निघतानाच लांबची लेन्स लावून निघावे.

पैसे देण्यापूर्वी जीएसटीच्या बिलावर बॉडीचा आणि दोन्ही लेन्सचे सीरियल नंबर लिहून घ्यावेत, वॉरंटी भारतातली आहे याची खात्री करावी, आणि वापरलेला संच असेल तर लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च धरून आत बुरशीचे जाळे किंवा पांढुरके ठिपके दिसतात का ते पाहावे. पावसाळ्यात बंद कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ते हमखास सापडतात, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये.