बीटलच्या इंजिन ऑइलचं तापमान कसं मोजावं

हवेवर थंड होणाऱ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये पाणीही नाही आणि रेडिएटरही नाही. सिलिंडरभोवतालचा वारा आणि क्रँककेसमधलं (इंजिनाच्या मुख्य खोक्यातलं) जेमतेम अडीच लिटर ऑइल, एवढ्यावरच इंजिनाची उष्णता बाहेर जाते. असं असून डॅशबोर्डवर ऑइलचं तापमान दाखवणारा काटा कंपनीने दिलेला नाही. असतो तो फक्त प्रेशरचा दिवा, आणि चालत्या गाडीत तो लागला म्हणजे प्रेशर जवळजवळ संपलेलं असतं. त्यामुळे तापमान मोजायची सोय या गाडीला करून घ्यायलाच हवी. मात्र नुसतं '१०५ अंश' म्हणून काही कळत नाही. ते कुठे मोजलं, किती वेळ गाडी चालवून मोजलं आणि बाहेरची हवा किती गरम होती, हे तिन्ही सोबत लिहिलं तरच त्या आकड्याला अर्थ येतो. या लेखातले सगळे अंश सेल्सिअस आहेत.

मोजायची जागा

ऑइल संपमधून (क्रँककेसच्या तळाशी ते साठतं त्या जागेतून) पंपात, तिथून ऑइल कूलरमध्ये, मग बेअरिंगांना आणि शेवटी परत संपमध्ये येतं. म्हणजे संपमध्ये जमतं ते बेअरिंगा आणि सिलिंडर हेडची उष्णता घेऊन आलेलं, एकत्र मिसळलेलं ऑइल. मोजायला हीच जागा सर्वांत चांगली.

इंजिनाखालच्या गोल प्लेटच्या मधोमध ड्रेन बोल्ट असतो. त्याचे आटे १४ मिमी, पिच १.५. याच आट्यांचा सेंडर (तापमान ओळखून डॅशबोर्डवरच्या गेजच्या काट्याला कळवणारा भाग) मिळतो, तो बोल्टच्या जागी बसवायचा. नंतरच्या काही गाड्यांत प्लेटला हा बोल्टच नसतो. त्यांना जुन्या पद्धतीची बोल्टवाली प्लेट लावता येते.

प्रेशर स्विचच्या जागी टी-जोड लावून तिथेच तापमानाचा सेंडर बसवण्याची पद्धतही दिसते. ती टाळा. त्या फांदीत ऑइल वाहत नाही, नुसतं साचून राहतं आणि बाहेरच्या वाऱ्याने निवतं. काटा कमी दाखवतो, आपण निर्धास्त राहतो, आणि नुकसान होतं ते यातूनच.

सेंडर बसवताना

गाडी जॅकवर उचलली की स्टँड लावल्याशिवाय खाली जाऊ नका. इंजिन कोमट असताना ऑइल काढा. कडक गरम ऑइल हातावर आलं तर चांगलंच भाजतं. प्लेटला सहा नट असतात. प्लेट खोलली की ऑइल गाळायची जाळी बाहेर काढून धुवा. जाळीच्या वर एक आणि खाली एक अशी कागदी गॅस्केटं नवी लावा, नटांखालचे तांब्याचे वॉशरही नवे घ्या. नट ७ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नका. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. थोडा जोर जास्त झाला की स्टड आट्यांसकट उपटून हातात येतो. ठिबकतंय म्हणून आणखी आवळणं हा उपाय नव्हे. वाकलेली प्लेट सपाट करणं हा उपाय आहे.

सेंडरचं टोक आत जाळीला किंवा सक्शन पाइपला टेकत नाही ना, हे बसवण्याआधी पाहा. सेंडर प्लेटच्या खाली लोंबतो, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर दगड लागायची भीती राहते. वायर मागच्या बाजूने वर न्या आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा.

एकाच वायरचा सेंडर स्वतःच्या धातूच्या बॉडीतूनच अर्थ (विजेची निगेटिव्हकडची परतीची वाट) घेतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली तर हा अर्थ कमजोर होतो. त्यातून प्लेट आणि क्रँककेस यांच्यामध्ये कागदी गॅस्केटं, म्हणजे तिला अर्थ मिळतो तो फक्त स्टड आणि नटांमार्फत. ते गंजलेले असतील तर काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. मल्टिमीटरचं एक टोक सेंडरच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ओहम शून्याच्या आसपास यायला हवेत.

गेज आणि सेंडर एकाच जोडीचे हवेत. १२० अंशांच्या गेजचा सेंडर १५० च्या गेजला लावला तर काटा हलतो, पण चुकीचं दाखवतो. गाडी ६ व्होल्टची असेल तर १२ व्होल्टचं गेज चालणार नाही.

आकडा खरा आहे का

इग्निशन चालू करून सेंडरची वायर काढा आणि क्षणभर अर्थला टेकवा. काटा थेट शेवटपर्यंत गेला तर गेज आणि वायर ठीक आहेत. वायर मोकळी ठेवली की तो तळाला राहायला हवा.

सेंडरची परीक्षा उकळत्या पाण्यात होते. सेंडर लांब वायरवर घ्या, बॉडीला वेगळी अर्थ वायर जोडा आणि टोक पाण्यात बुडवा, मात्र भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. समुद्रसपाटीला काटा १०० वर यायला हवा. उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी धरा. पाच अंश जास्त दाखवत असेल तर तो फरक गेजवरच लिहून ठेवा. सेंडर बदलायची गरज नाही.

गेज नसेल तर

बारीक वायरचा थर्मोकपल (टोकाशी तापमान मोजणारी वायर) आणि डिजिटल मीटर एवढ्यावरही काम भागतं, आणि अधूनमधून तपासायला हीच पद्धत सर्वांत भरवशाची. डिपस्टिकची (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीची) खालची खूण जिथे येते तेवढी वायर मोजून तिथे टेपची खूण करा. गाडी अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा. दहा मिनिटांत ऑइल पुरतं तापतच नाही, त्यामुळे तो आकडा कामाचा नसतो. थांबल्यावर इंजिन बंद करा, डिपस्टिक काढा, वायर खुणेपर्यंत सोडा आणि मिनिटभराच्या आत आकडा घ्या. चालू इंजिनात सुटी वायर कधीही घालू नका; आत फिरणाऱ्या भागात ती अडकू शकते.

इन्फ्रारेड गनने चकचकीत धातूचं तापमान बरंच कमी दिसतं. ती वापरायचीच असेल तर प्लेटवर उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्या आणि दर वेळी त्यावरच रोखा. तरीही पृष्ठभाग आतल्या ऑइलपेक्षा थंडच असतो. काल आणि आज यांची तुलना करण्यापुरती ती ठीक.

आकड्याचा अर्थ

लांबच्या प्रवासात संपमध्ये ८० ते ११० ही निरोगी मर्यादा. कडक उन्हात, चढावर, भरलेल्या गाडीत १२० पर्यंत गेलं तर घाबरू नका, पण लक्ष काट्यावर असू द्या. १२० ओलांडलं की वेग कमी करा. १३० ला पोचलं तर बाजूला घ्या, आणि ते ऑइल लवकरच बदला.

कमी तापमानही चांगलं नाही. रोज ७० च्या खालीच चालणाऱ्या इंजिनात पाण्याची वाफ आणि पेट्रोल ऑइलमधून उडून जात नाही. ऑइल भरायच्या तोंडाशी पिवळसर, लोण्यासारखा थर दिसला तर ही त्याचीच खूण.

चढावर तापमान वाढू लागलं की बरेच जण वरच्या गिअरमध्ये पेडल दाबून धरतात. पंखा इंजिनाच्या वेगावर फिरतो. फेरे कमी आणि भार जास्त म्हणजे वारा कमी आणि उष्णता जास्त. गिअर खाली घ्या आणि पेडल हलकं ठेवा. थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवलेलं चांगलं, कारण पंखा फिरत राहतो. पण जनरेटरचा लाल दिवा लागला असेल तर ताबडतोब बंद करा. जनरेटर आणि पंखा एकाच बेल्टवर आहेत. बेल्ट तुटला की इंजिनाला वाराच मिळत नाही.

ऑइलच्या काट्यावरून हेडची हालत कळत नाही, हेही ध्यानात असू द्या. हेड काही क्षणांत तापतं, ऑइल सावकाश मागून येतं. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालं (पेट्रोल कमी पडलं) असेल तर ऑइल ९५ वर असतानाही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतो.

जास्त तापत असेल तर

सुरुवात बेल्टपासून करा. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १५ मिमी आत जायला हवा. मग इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबर पाहा. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली रबरी पट्टी, स्पार्क प्लगच्या वायरींची रबरी टोपणं, सिलिंडरखालचे पत्रे, यांतलं काही नसलं की खालची तापलेली हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढून घेतो. जुन्या गाड्यांत सर्वांत जास्त घोटाळा इथेच असतो. इंजिन कधी तरी उतरवलेलं असतं आणि 'हा पत्रा नसला तरी चालतं' म्हणून तो परत बसवलेला नसतो.

कूलर पंख्याच्या आवरणात असतो. त्याच्या पात्यांत ऑइल आणि धूळ मिळून लगदा होतो. बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं आणि आत वाट बंद. तो तपासायला आवरण उतरवावंच लागतं. १९७१ पूर्वीच्या मांडणीत तो तिसऱ्या सिलिंडरच्या वाऱ्याच्या वाटेत उभा असतो, म्हणून तो तुंबला की आधी मार खातो तो तिसरा सिलिंडर.

थर्मोस्टॅटचा भाता ६५ ते ७० अंशांना फुलून वाऱ्याच्या वाटेतल्या झडपा उघडतो. भाता फुटला तर झडपा उघड्याच राहतात आणि इंजिन थंड चालतं. गरम चालण्याचं कारण असतं ते गंजून बंद अडकलेल्या झडपा किंवा उलटसुलट जोडलेली तार.

एवढं करूनही उतरलं नाही तर क्रँककेसखालचा रिलीफ व्हॉल्व्ह (ऑइलचं प्रेशर जास्त झालं की उघडणारी झडप) खोला. त्याचा पिस्टन आपल्या वजनाने सुटून पडायला हवा. तो उघडा अडकला असेल तर ऑइल कूलरमध्ये न जाता परस्पर पुढे जातं, आणि बाकी सगळं नीट असूनही काटा चढत राहतो. पिस्टनवर खरचटे असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा. जास्त झिजला असेल तर नवा घाला. इग्निशनचं टायमिंग आणि ऑइलची पातळी हेही तपासा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे असेल तर जादा ऑइल काढा; आत घुसळलं जाऊन तेच तापतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, तशाच हवेत पुन्हा मोजा. दिवस दहा अंशांनी थंड असेल तर ऑइलही जवळपास तेवढंच कमी दाखवेल, आणि ते श्रेय तुमच्या नव्या बेल्टचं नसेल.